खोपकर कुणालाच काही सांगत नाहीत

अंबरनाथ स्टेशनाबाहेर परगावचा माणूस रस्ता विचारायला नेमका अण्णा खोपकरांकडेच जायचा. चेहराच तसा मदतीचा होता. "शिवमंदिर कुठे?" म्हटलं की अण्णा चष्मा सारखा करून म्हणत, "इथून दोन रस्ते निघतात. मी एक सांगितला तर तो माझा रस्ता होईल. तुम्ही मोकळे आहात." मग तो बिचारा मोकळाच फिरत बसे. एक कुटुंब तर नैवेद्यासकट आमच्या काडेपेटीच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबलं होतं.

त्याच कारखान्यात आम्ही दोघे कारकून, आणि चाळीतही भिंतीला भिंत लागून. सन पन्नासच्या सुमाराला अण्णांनी कुठल्याशा मासिकात पॅरिसच्या तत्त्वज्ञांवर लेख वाचला. माणूस स्वतंत्र आहे, निवड ज्याची त्यानेच करायची आणि तिचं ओझंही त्यानेच वाहायचं. असले लेख वाचता वाचता मला झोप लागते. अण्णा त्या दिवसापासून जे जागे झाले ते झालेच.

बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी सुधा, दोघंच. "भाजी काय करू?" असं तिने विचारलं की "तू मोकळी आहेस" हे उत्तर ठरलेलं. पोरीने एकदा वैतागून आठवडाभर कारलंच केलं. अण्णांनी ते तत्त्व म्हणून खाल्लं.

निर्वासितांच्या कॅम्पातून गाठोडं घेऊन येणाऱ्या सिंधी कापडवाल्यालाही त्यांनी माणूस स्वतंत्र असतो हे ऐकवलं. तो गाठ सोडत म्हणाला, "साईं, आझादी आयी तो हमारा घर गया. अभी चादर देखो." अण्णांनी चादर घेतली, पण ती आपण स्वतः निवडली हे मला दिवसभर सांगत राहिले.

पुढे सुधाला नागपूरचं स्थळ आलं. माणसं चांगली होती. अण्णांनी मुलीऐवजी मुलालाच पाटावर बसवलं. "निवडायचं तिला, तेव्हा बघायचंही तिनेच."

"स्वयंपाक येतो का?" सुधाने विचारलं.

"चहा येतो," तो म्हणाला.

मग त्याला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. त्याची आई तोंडाला पदर लावून हसत होती, वडील छताकडे बघत होते. घामाघूम होऊन त्याने एकदाचा दोरा ओवला आणि सुधा लाजली. मी काय समजायचं ते समजलो.

पण ती उठून अण्णांना आतल्या दाराशी घेऊन आली. मी तिथेच बशा घेऊन उभा होतो. हळूच म्हणाली, "अण्णा, नागपूर लांब आहे. तुमचं कोण करणार? तुम्ही नुसतं थांब म्हणा, मी नाही म्हणून सांगते."

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ते आतल्या खोलीत गेले. सुधा जरा वेळ वाट बघत उभी राहिली. मग बाहेर जाऊन तिने पसंती सांगितली.

मी आत गेलो. अण्णा चुलीपाशी पाठमोरे उभे राहून पातेल्यातले पोहे मुठीमुठीने तोंडात कोंबत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

त्यांनी कसाबसा घास गिळला. "तोंड रिकामं असतं तर मी तिला थांब म्हटलं असतं," ते म्हणाले, "आणि ती थांबली असती हो."