केविनची कात आणि मंडळाचं मतदान

सापाच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. मी बत्तीस शिराळ्याचा माणूस. आमच्याकडे पोरगं आधी नागाला ओळखतं, मग बापाला.

हे वाक्य मी गिरावीनमध्ये अकरा वर्षं फेकत होतो आणि कधी अंगाशी आलं नव्हतं. सिडनीत आपल्या हातात साप आणून देणार कोण? आता खरं सांगून टाकतो. माझं गाव शिराळ्याच्या अलीकडे सहा किलोमीटर. नागपंचमीला शिराळ्यात जिवंत नाग घरोघरी यायचे, तेव्हा मी मामाच्या माळ्यावर बसायचो, शिडी वर ओढून घेऊन. सातवीत शाळा सोडली, मुंबईला हॉटेलात लागलो, तिथून कुकच्या व्हिसावर इकडे आलो. नाग पाहिला तो फळ्यांच्या फटीतून.

मग दोन हजार एकवीसचा लॉकडाऊन आला. हॅरिस पार्कचं आमचं हॉटेल टेकअवेवर गेलं, आणि मालक म्हणाला, "दीनानाथ, तू घरी बस." बसलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या युनिटमधली मयूरा दारात. नाशिकची पोरगी, हॉस्पिटलात नर्स, ड्युटी कोविड वॉर्डात. हाऊसमेटला दमा, म्हणून ही मोटेलवर राहायला चालली होती. तिच्या मागे ट्रॉलीवर काचेची पेटी, आणि पेटीत सहा फुटांचा साप. कार्पेट पायथन म्हणतात त्याला. नाव केविन.

"काका, तुम्ही शिराळ्याचे ना?"

आता यावर काय बोलणार? व्हिसावर लिहिलेलं असावं तसं तोंडातून गेलं, "अर्थात."

"तो चार आठवडे काही खात नाहीये हो. कात टाकायला आलाय. ती नीट पडली की भूक लागेल. अडकली तर मला लगेच फोन करा, स्वतः काही करू नका." मास्क काढला तर गालावर वळ, जसे भाकरीवर बोटांचे ठसे. "शिफ्टवरून आल्यावर वाट बघणारा घरात तेवढाच आहे."

साप वाट बघतो की नाही मला माहीत नाही. पण पोरीचा आवाज असा झाला की मी पेटी उचलली.

आमची विमल दारातच आडवी. "लाँड्रीत ठेवा. आणि मी त्या खोलीत पाय टाकणार नाही. कपडे यापुढे तुम्ही धुवायचे."

"अगं, लायसनचा साप आहे. सरकारमान्य."

"मग सरकारचे पण कपडे धुवा."

ऑगस्टची थंडी. म्हटलं पाहुणा गारठायला नको, म्हणून लाँड्रीत चोवीस तास हीटर लावला. हॉटेलच्या तंदुराशेजारी असते तशी ऊब. आठवड्याभरात केविनचे डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले आणि कातडी निघायला लागली, पण सलग नाही. भाड्याच्या घराच्या भिंतीचे पोपडे निघतात तशी, तुकड्या-तुकड्यांनी. तोंडाभोवती चिकटलीच, आणि डाव्या डोळ्यावर एक कोरडी टिकली बसली ती बसलीच.

मयूराचा रोज मेसेज: "खाल्लं का?"

मी लिहायचो, "अजून नाही. बाकी मजेत." शिराळ्याचा माणूस कात अडकली म्हणून फोन करतो होय!

तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास यांना सुगावा लागला. आयटीतला माणूस, बोलतो ते सगळं स्लाईडवर असल्यासारखं. "दीनूभाऊ, यंदा देवळं बंद. आपण झूमवर नागपंचमी करू. जिवंत दर्शन. तुम्ही फक्त कॅमेरा धरा." संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पोस्टर. माझा फोटो, खाली 'नागतज्ज्ञ'. फोटो माझ्या पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी मिळाल्याच्या, पार्टीतला, हातात कबाब.

पोस्टरवरून वाद पेटला. एकाने लिहिलं, हा नाग नाही, अजगर आहे, पूजा लागू होत नाही. दुसऱ्याने लिहिलं, परदेशात चालतं. चंद्रहासनी उपसमिती नेमली. उपसमितीने ठरवलं की अजगर हा नागाचा प्रतिनिधी समजावा, फक्त यंदापुरता.

पंचमीला सकाळी अकराला झूम सुरू. एकशे साठ घरं. काहींनी वर सदरा-झब्बा आणि खाली काय ते देव जाणे. मी लाँड्रीत फोन वॉशिंग मशीनवर टेकवून ठेवला. आज तरी केविन खाईल या आशेने मयूराने दिलेला फ्रीझरमधला उंदीर सकाळीच पाण्यात वितळवून, टिपून ठेवला होता. तो विमलच्या मटारांशेजारी आठवडाभर होता, हे तिला मी सांगितलेलं नाही. इथेही सांगतोय ते तुमच्यात ठेवा.

"दीनूभाऊ," चंद्रहास म्हणाले, "देव जरा सोललेला दिसतोय."

"कात आहे. अडकलीय थोडी."

झालं. एकशे साठ वैद्य जागे झाले. खोबरेल लावा. तूप लावा. नीलिमाताई म्हणाल्या, उटणं, माझ्याकडे घरचं आहे, पण लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीबाहेर राहते. रविंद्र म्हणून एक गृहस्थ आहेत, ते सबंध मीटिंगभर म्यूटवर हातवारे करत होते. त्यांचं काय म्हणणं होतं ते अजून कळलेलं नाही.

"अहो, सरळ ओढून काढा ना," कुणीतरी म्हणालं. "दर्शनाला डोळा तरी दिसू दे."

मलाही तेच वाटत होतं. सगळ्यांसमोर इज्जत चालली होती. भुवयांचा चिमटा घेतला आणि केविनचं डोकं डाव्या हातात धरलं.

"थांबा." विमल दारात. लाँड्रीचा उंबरा तिने पहिल्यांदा ओलांडला. "आज पंचमी आहे. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, सोलायचं नाही. मी सकाळपासून तवा ठेवला नाही चुलीवर, आणि तुम्ही नागोबालाच सोलायला बसलात?"

"अगं, हे सोलणं नाही. उपचार आहे."

"चिमटा इकडे द्या."

"विमलवहिनी," चंद्रहास म्हणाले, "आपण लोकशाही मार्गाने जाऊ." आणि त्यांनी खरंच झूमवर मतदान घेतलं. चिमटा हो, चिमटा नको. बासष्ट टक्के हो. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. विमलने मंडळाकडे बघितलं, चिमटा माझ्या हातातून काढून कमरेला खोचला आणि स्वतःच्या फोनवरून मयूराला लावला.

"मयूरा, तुझ्या त्या केविनच्या डोळ्यावर कात अडकलीय. हे ओढत होते."

पलीकडे मयूरा आधी किंचाळली. मग, "ओढलं? काकू, ओढलं का त्यांनी?"

"मी असताना कशाला ओढतील?"

"ओढली असती तर डोळा गेला असता त्याचा. काकू, ओढायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूने," विमल म्हणाली.

मग पोरीने व्हिडिओ लावला आणि माझी हजेरी घेतली. हीटर किती दिवस लावला, हे विचारलं. मी सांगितलं. ती कपाळ धरून म्हणाली, "काका, तुम्ही त्याचा पापड केलात." सगळं मंडळ ऐकत होतं. मगाशी 'हो' म्हणणारे आता मान हलवत होते, आम्हाला पहिल्यापासून शंका होती असं.

हीटर बंद. कोमट पाण्याचा टब, त्यात अर्धा तास केविन. मग ओला टॉवेल मी दोन्ही हातांत सैल गुंडाळून धरायचा आणि त्याने आपणहून त्यातून सरकायचं. घाई नाही, ओढाओढ नाही. पहिल्यांदा सरकला, हनुवटी निघाली. दुसऱ्यांदा नाकाडं. पाचव्या फेरीला माझे खांदे भरून आले. सातव्या फेरीला तो टॉवेलमधून बाहेर आला आणि डाव्या डोळ्यावरची टिकली टॉवेलला चिकटून राहिली. आत डोळा काळाभोर, नव्या बटणासारखा. मयूरा रडायला लागली. मलाही जरा झालं, नाही म्हणणार नाही.

"बघतोय," मी म्हटलं. "पोरी, माझ्याकडेच बघतोय."

बघत होता. शिवाय हुंगत पण होता, आणि सकाळी उंदीर टिपलेला हात मी धुतला नव्हता. पुढचं मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा केविन माझ्या अंगठ्याला लटकत होता आणि मनगटाला दोन वेढे.

झूमवर चंद्रहास म्हणाले, "कार्यक्रम इथेच संपन्न झाला," आणि एकशे साठ घरं एका दमात गायब.

"मयूरा," मी म्हटलं, "हा माझा हात आहे."

"हो काका, विषारी नसतो तो, टेन्शन घेऊ नका. अहो, भूक लागली त्याला! पाच आठवड्यांनी! फक्त दोन मिनिटं हलू नका, मी स्क्रीनशॉट घेते."

दहा मिनिटांनी विमलने त्याच्या नाकापुढे खरा उंदीर धरला, भाजीच्या लांब चिमट्याने, तोंड फिरवून. त्याने मला सोडलं आणि तो गिळला. तो स्क्रीनशॉट आता मयूराच्या वॉर्डात नर्सांच्या चहाच्या खोलीत लावलाय. खाली लिहिलंय, 'केविन इज ईटिंग अगेन'. फोटोत माझा फक्त अंगठा आलाय. बरंच झालं.