मल्लिनाथ सरांनी कमी केलेलं वजन

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगवरून भांडण जुंपलं की सगळे खाली धावतात. मल्लिनाथ सर गच्चीवर जातात. वरून ओरडतात, "कडेचे निवांत आहेत, आतलेच जोरात फिरतायत! मधे कोण आहे ते बघा की!"

सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. उरलेला सगळा वेळ एका दूरच्या दीर्घिकेचा. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच, पण दुसरी. तिच्या मध्याभोवती वायू गरगरतो. दुर्बिणींनी टिपलेली माहिती इंटरनेटवरून घेऊन सर त्याचा वेग काढतात. वेग जितका जास्त, तितकं मधे न दिसणारं वजन जास्त.

ते वजन निघालं तेव्हा कॉलेजनं सरांचा चादर-नारळ देऊन सत्कार केला. पुढं शोधनिबंध परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, वायू नुसता फिरत नसेल, आतल्या बाजूला वाहतही असेल. मग हे वजन चुकलं.

"जळतात हो लोक," मी म्हटलं.

"छे! बरोबर बोलतोय की तो!" सर म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू झाले.

उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरकडं तोंड करून; सर बनियनवर, घामानं निथळत. "मला उकडलं तर थांबता येतं, त्याला नाही येत."

शेवटी वजन निम्म्याहून कमी भरलं. दुसऱ्या दिवशी सर चादर घेऊन प्राचार्यांपुढं उभे. "परत घ्या. सत्कार जास्तीच्या वजनाचा होता."

"वापरलेली चादर कशी घेऊ, सर?"

"वापरली कुठं? आकडा चुकला असेल अशी पहिल्यापासून धाकधूक होती की!"

प्राचार्यांनी चादर घेतली नाही. सरांनी मात्र भर वर्गात आपली चूक फळ्यावर मांडून दाखवली.

नवा निबंध स्वीकारला गेला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो. सर आईच्या कॉटजवळ बसून कन्नडमधून तिला सगळं समजावत होते. अव्वांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. पण ऐकत होत्या लक्ष देऊन.

"लई छान सांगता तुम्ही," त्या सरांना मराठीतून म्हणाल्या. "आमचा मल्लूपण असलंच शिकतो. आला की त्यालाबी सांगा."

मी पुढं केलेल्या पेढ्याचे त्यांनी दोन तुकडे केले. एक सरांच्या हातावर ठेवला.

"तुम्ही खाऊ नका हं. मल्लूला द्या."

"देतो की, अव्वा," सर म्हणाले, आणि तुकडा कागदात नीट गुंडाळून खिशात ठेवला.