दत्तोपंतांनी काढलेली बरोबरची खूण

ज्या वस्तूचा उपयोग आपल्याला कळत नाही ती निरुपयोगी असते, या भक्कम तत्त्वावर आपल्याकडच्या बऱ्याच संस्था उभ्या आहेत. छावणी भागातलं आमचं वधू-वर सूचक मंडळ तर त्यावर पार बसलेलं आहे.

मंडळाचे चिटणीस दत्तोपंत हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मंडळाच्या संगणकात त्यांच्या पुतणीनं, चारुतानं, लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घालून दिली होती. लिनक्समध्ये व्हायरस सहसा येत नाहीत. बाहेरून कुणी बिघडवायला येत नसल्यामुळे ती जबाबदारी चिटणिसांवर पडते.

त्या रविवारी पाहुणे यायच्या आत पंत संगणकाची साफसफाई करत होते. सेटिंगमध्ये एक लांबलचक यादी निघाली. प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. आपल्या सहीवाचून एवढ्या गोष्टी मंजूर झालेल्या पाहून पंतांना धक्का बसला. ते एकेक खूण काढून टाकत सुटले. एका खुणेपाशी संगणकानं इंग्रजीत विचारलं, नक्की काढायची ना? पंत मोठ्यानं ‘अर्थात’ म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावरची पट्टी, मेनू, फोल्डर, सगळं गेलं. उरला तो मागचा फोटो: माजी अध्यक्षांचा सत्कार. (आजवर अध्यक्षांच्या दोन्ही डोळ्यांवर फोल्डर असत. डोळे घारे आहेत हे मंडळाला त्या दिवशी कळलं.)

तेवढ्यात पाहुणे आलेच. लासूर स्टेशनहून तात्यासाहेब, सोबत मुलगा ऋतुराज. फर्दापूरहून वच्छलाबाई, सोबत मुलगी सोनिया. दोन्ही मंडळी आपापली स्थळं पडद्यावर पाहायला आली होती, एकमेकांना पाहायला नव्हे. ते नियमात बसत नाही.

“पंत, ह्यो नवरदेव जरा वयस्करच दिसतोय,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“ते अध्यक्ष आहेत.”

बंद करून चालू करावं, असं उपस्थितांपैकी शंभर टक्के लोकांनी सुचवलं. केलं. अध्यक्ष पुन्हा तसेच हसले. मग पंतांनी चारुताला फोन लावला आणि सर्वांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

“काका, कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा.”

पडदा काळा झाला. “अगं, होते ते अध्यक्षही गेले!”

“जाऊ द्या. आता नाव टाका, मग पासवर्ड.”

“पासवर्ड उमटतच नाहीये.”

“तो दिसत नसतो, काका. तसाच टाका.”

न दिसणाऱ्या मजकुराची जबाबदारी पंतांनी नोकरीत कधी घेतली नव्हती. म्हणून खातरजमेसाठी त्यांनी प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हटलं. “शु-भ-मं-ग-ल.” चूक. पुन्हा तेच. पुन्हा चूक.

“आवं, सावधान राह्यलं की!” तात्यासाहेब ओरडले.

तेच राहिलं होतं. संगणक आत घेता झाला. (गोपनीयतेच्या दृष्टीनं पासवर्ड नंतर बदलण्यात आला. नवा पासवर्डही सर्वांना माहीत आहे.)

पुढं चारुता हुकूम सांगत गेली आणि पंत आडवी रेघ कुठली, तिरकी रेघ कुणीकडं झुकलेली, यावर चर्चा घेत गेले. वच्छलाबाई आणि तात्यासाहेब दोन्ही बाजूंनी कीबोर्डवर वाकले. पाहायला काहीच नसल्यामुळे सोनिया आणि ऋतुराज यांना नाइलाजानं एकमेकांकडं पाहावं लागलं. तिची फर्दापूरला खानावळ आहे, हे त्याला कळलं. लेणी पाहायला येणाऱ्या जपानी पर्यटकांना ठेचा कसा समजावून सांगावा लागतो, ते तिनं हातवारे करून दाखवलं. तो इतका हसला की तात्यासाहेबांनी दचकून मागं पाहिलं.

अखेर संगणक पुन्हा सुरू झाला. पट्टी आली, मेनू आला, फोल्डर अध्यक्षांच्या डोळ्यांवर जाऊन बसले. पंतांनी नियमाप्रमाणे दोघांच्या जुन्या नोंदी वाचल्या.

“ऋतुराज यांच्याकडून फर्दापूरचं स्थळ नापसंत. कारण, मुलगी खानावळीचा धंदा करते. सोनिया यांच्याकडून लासूरचं स्थळ नापसंत. कारण, मुलगा अबोल.”

सोनियाचा चेहरा उतरला. “आई, हे कुणी भरलं?”

वच्छलाबाई पंखा निरखू लागल्या.

“तात्या?” ऋतुराजनं विचारलं.

“मंग? तवा मी पोरीला पाह्यलं व्हतं व्हय?”

“काका, आता पाह्यलं ना?” सोनिया त्यांनाच म्हणाली.

तात्यासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मला नगं इचारू. ह्याला इचार.”

“मला पसंत हाय,” ऋतुराज म्हणाला. “अन् खानावळ बंद करायची नाय. रविवारी मी गल्ल्यावर बसंन, पाहुण्यांशी बोलंन, ठेच्याचं मी सांगंन...”

“अबोल म्हणं!” सोनियाला हसू आवरेना.

“पण नोंद नापसंत अशी आहे,” पंतांनी हरकत घेतली. “बदलासाठी दोन्ही पक्षांचे अर्ज लागतील.”

“पंत, तुमच्या मशिनीचं लगीन नाय लागायलं,” तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला.

मंडळानं या घटनेचा अभ्यास केला. संगणक चालू असताना वर्षभरात जुळलेली लग्नं शून्य. बंद असताना, एका सकाळीत, एक. शून्यानं भागता येत नसल्यामुळे वाढीची टक्केवारी निघाली नाही, तरी ती समाधानकारक असल्याचा ठराव झाला. यापुढं प्रत्येक मेळाव्याआधी ती खूण चिटणिसांच्या सहीनं काढण्यात येईल.

यावर जे हसत असतील त्यांनी लग्नाआधीचा आपला बायोडाटा शोधावा, त्यातला ‘स्वभाव’ हा रकाना गाठावा, आणि त्यापुढं जे काही लिहिलं आहे ते आज जेवताना घरच्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवावं.