कार्डांवरचं अक्षर

मेश्रामसाहेबांसमोर कुठलीही गोष्ट नुसती सांगायची सोय नव्हती. "उद्या सुट्टी आहे म्हणे," असं म्हटलं की चष्मा कपाळावर चढवून ते विचारत, "कोण म्हणे?" इंदिरा नगरच्या बाजारात आंबेवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. "भैया, दशहरी मलिहाबाद का है, ये आपको किसने बताया?" तो बिचारा म्हणाला, "साहब, आम ने ही बताया." मागची गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मी पिशवी घेऊन जरा लांबच उभा राहिलो.

ते भंडाऱ्याचे, मी अमरावतीचा. लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत ते कार्डांची सूची सांभाळत, मी टायपिस्ट. त्या काळी कॉम्प्युटर कुठला? औषधी झाडांची सगळी माहिती लाकडी कपाटांत, कार्डांवर. झाड कोणतं, तपासलं कुणी, निघालं काय. कपाटं सगळ्यांना खुली. विद्यार्थी येत, वैद्य येत, औषध कंपन्यांची माणसं येत. हवं ते उतरवून घ्या, अट एकच. लेखात सूचीचं नाव, कार्डाचा नंबर, मूळ तपासणी करणाऱ्याचं नाव आणि कार्ड पाहिल्याची तारीख द्यायची.

"तारीख कशाला?" मी एकदा विचारलं.

"वानखेडे, नवी तपासणी झाली की कार्ड बदलतं. त्यानं पाहिलं त्या दिवशी काय लिहिलं होतं, हे पुढच्याला कळायला नको?"

एका विद्यार्थ्यानं प्रबंधात साहेबांचे पानभर आभार मानले. साहेबांनी प्रबंध परत केला. "सर, धन्यवाद तो लिखा है," पोरगा रडकुंडीला आला. "धन्यवाद पढ़कर कोई सही कार्ड तक नहीं पहुँचेगा, बेटा. नंबर लिखिए." आम्ही मागून त्यांना 'नंबरवाले साहब' म्हणायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा बाहेरच्या एका प्राध्यापकांनी या कार्डांवरून मोठा ग्रंथ करायला घेतला. साहेब त्यांना तीनदा जाऊन भेटले. एक नाव घालायचं आहे, एवढंच कानावर आलं. साहेबांना म्हातारपणी नाव छापून यायची हौस आली, असं आम्ही कँटीनमध्ये बोललो. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

ग्रंथ आला. पानोपानी सूचीचं नाव, नंबर, तारीख. प्रस्तावनेत 'श्री. मेश्राम' ठळक. रविवारी दुपारी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. वहिनी गेल्याला तेव्हा एक हिवाळा उलटला होता. घर नीटनेटकं होतं, पण त्यात कुणी राहत असेल असं वाटत नव्हतं.

"अभिनंदन, साहेब. सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे आलं."

"माझं आलं," ते म्हणाले. "तिचं राहिलं."

मला कळेना. त्यांनी विचारलं, "वानखेडे, माझं अक्षर बघितलंय ना?"

बघितलं होतं. त्यांची टिपणं टाइप करताना मी रोज वैतागायचो. आणि कार्डांवरचं अक्षर मोत्यांसारखं. इतक्या वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नव्हता.

"मी पिशवीतून कच्ची टिपणं घरी आणायचो. ती पाट घेऊन बसायची. इथं आली तेव्हा तिला धड हिंदी येत नव्हती, बोलायला कुणी नव्हतं. म्हणाली, द्या इकडे, मी लिहिते. दहावी झालेली होती. लॅटिन नावं कळायची नाहीत, एकेक अक्षर बघून उतरवायची. बारा वर्षं."

"मग प्राध्यापकांना सांगितलंत ना?"

"सांगितलं. ती नोकरीत नव्हती म्हणून घेतलं नाही. त्यांची काय चूक? ऑफिसचे कागद घरी नेतो हे मीच लपवलं होतं. आपल्यासारख्या माणसाची एक चूक ऑफिसातले हे लोक जन्मभर विसरत नाहीत, वानखेडे. म्हटलं, निवृत्त होताना सांगू. तोवर ती थांबली नाही."

नंतर त्यांनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं. संचालकांच्या नावे, दोनच वाक्यं. ही कार्डे माझ्या पत्नीने लिहिली आहेत. ती हयात असताना मी हे कुणालाही सांगितले नाही.

"साहेब, दुसरं वाक्य काढू या. निवृत्तीच्या तोंडावर उगाच चौकशी लागेल."

"राहू द्या," ते म्हणाले. "तेच खरं पत्र आहे."

मग मी वहिनींचं नाव विचारलं. दहा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं होतं आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

पत्राला उत्तर आलं नाही. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. साहेब भंडाऱ्याला गेले आणि तिथंच वारले. ते नाव आजवर कुठं छापून आलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. ती सगळी कार्डं सुलोचना मेश्राम यांनी लिहिली.