घर आपलंच समजा

"नेपाळ काय फॉरेन असते गा?" रुपरावांनी विचारलं. "तिथं त माणूस सायकलवर गेला तरी कोणी अडवत नाही."

प्रश्न शेजारच्या भैयाजींना होता, पण रोख बाबनरावांवर होता. बाबनराव म्हणजे रुपरावांचे साडू, राहणार जवळच्याच कन्हानला. हा गृहस्थ उन्हाळ्यात एका यात्रा कंपनीबरोबर काठमांडूला जाऊन आला, आणि तेव्हापासून "आम्ही फॉरेनले होतो तवा" यावाचून त्याचं वाक्यच सुरू होईना. तिथून आणलेली बटण दाबून उघडणारी छत्री तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा उघडून दाखवी. ती छत्री रुपरावांच्या डोळ्यांत सलत होती.

रुपराव नुकतेच पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. फंडाचा पैसा बँकेत सुखाने पडून होता आणि ते सुख त्यांना बघवत नव्हतं. त्या पैशाचं काय करायचं हे त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, मात्र पक्कं ठाऊक होतं. नागपूरच्या तांडापेठेतलं त्यांचं घर सासऱ्यांच्या वेळचं, हातमाग बसवण्यासाठी बांधलेलं. माग गेले, मागाचे खड्डे बुजले, पण डोक्यावरचे मातीचे कवेलू तेच राहिले. माकडं दरवर्षी ते फोडत, दरवर्षी ते उतरवून फेरावे लागत, आणि तरीही पावसाळ्यात घरातली निम्मी भांडी गळतीखाली बसलेली असत. लग्न झाल्यापासून बाईंची एकच मागणी होती, घरावर स्लॅब पाहिजे. "रिटायर झालो का टाकू," हे रुपरावांचं ठरलेलं उत्तर होतं. आता ते रिटायर झाले होते.

"आपण जगाची सफर करू," रुपरावांनी जेवता जेवता जाहीर केलं. "अख्ख्या जगाची. मी, तू अन् प्रेमिला."

बाईंची भाकरी तव्यावरच करपली. "अन् स्लॅब?"

"स्लॅब कुठं पळून जाते का?"

"मंग जग कुठं पळून जाते?"

रुपराव रागावले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर प्रेमिलाचा शाळेतला नकाशा पसरला गेला. त्यांची ही मुलगी आता बी. ए.ला होती आणि घरात खरं बोलण्याची वाईट सवय फक्त तिलाच होती. भैयाजी सल्लागार होते. त्यांची उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली होती, त्यामुळे कुठलीही वस्तू कुठेही पाठवता येते यावर त्यांचा विश्वास होता. विमानाचं तिकीट फंडात बसत होतं. सरकार परदेशी चलन देत होतं ते मात्र चिमूटभर, त्यात हॉटेलात राहणं शक्य नव्हतं. पण हॉटेलात राहणार होतं कोण? रुपरावांच्या सात पिढ्यांत कोणी हॉटेलची पायरी चढलं नव्हतं. आपला माणूस परगावी गेला की ओळख काढतो, आणि ओळख निघाली की वळकटी सोडतो. जग हे फक्त जरा लांबचं परगाव होतं.

ओळखी निघाल्या त्या तीन. लंडनला जागेश्वर होता. तो याच गल्लीतला. लहानपणी पेरू चोरताना रुपरावांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती, म्हणजे संबंध अगदी घरच्यासारखे. जर्मनीत खापा गावचा अनंत होता, ज्याला त्यांनी कधीकाळी कचेरीतून एक दाखला काढून दिला होता. आणि शिकागोला सिंधूताई नर्स होती, पारशिवनीची. ती मनकर्णाबाईंच्या मावसबहिणीची नणंद.

"पॅरिसले कोण आहे?" भैयाजींनी नकाशावर बोट ठेवलं.

"कोणीच नाही."

"मंग राहू दे. तसंबी तिथं पाहण्यासारखं काही नाही म्हणते लोक."

जपानही याच कारणाने गळालं. प्रेमिला म्हणाली, "बाबा, जग म्हणजे काय तीन घरं?"

"तीन घरं फुकट देऊन राहिलं का कोणी आजच्या काळात? चूप बस वं."

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही, कारण ती रुपरावांनीच फोडली. गणेश मंडळाने ताबडतोब सत्कार ठेवला. पासपोर्टचा अर्जही अजून भरला नव्हता, पण शाल आणि श्रीफळ मिळालं. "रुपराव जगाच्या छातीवर तांडापेठेचा झेंडा रोवतील," असं भैयाजी भाषणात म्हणाले. मग जो तो आपापली फर्माईश घेऊन आला. कोणाला घड्याळ हवं होतं, कोणाला टेपरेकॉर्डर, एका म्हातारीला लंडनचं गुडघेदुखीचं मलम. बाबनरावही आले. त्यांनी छत्री उघडली, मिटली आणि "जमलं त पाहा," एवढंच बोलून कन्हानला गेले. त्या क्षणापासून मागे फिरण्याचे दोर कापले गेले.

आता पत्रं पाठवायची होती. रुपराव सांगत होते, प्रेमिला लिहीत होती. इतके दिवस तोंड फुगवून बसलेल्या मनकर्णाबाई त्या दिवशी स्वतःहून चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

"नुसतं 'आम्ही येतो, आम्ही येतो' लिहिलं त भिकाऱ्यावानी दिसते," त्या म्हणाल्या. "तुम्हीबी या म्हणून लिहा."

"ते त आपण सगळ्यांलेच लिहितो. येते कोण?"

"हाव ना, येते कोण! मंग चांगलं दाबून लिहा. आपलं घर कसं आहे ते लिहा. कवेलूचं घर आहे समजलं त तुम्हाले तिथं ओसरीवर झोपवतील."

रुपरावांना हे एकदम पटलं. बायको शहाणी होत चालली याचं त्यांना कौतुकही वाटलं. ते टेकून बसले आणि सांगू लागले, "लिही. 'आपण केव्हाही सहकुटुंब यावे. आपल्या कृपेने आता पक्के स्लॅबचे घर आहे. वर हवेशीर खोली...'"

"दोन खोल्या," बाई म्हणाल्या.

"'दोन हवेशीर खोल्या आहेत.'"

"फ्लशचा संडास."

"तोही लिही. 'गच्चीवरून अंबाझरी तलाव दिसतो. घर आपलंच समजा.'"

प्रेमिलाचा पेन थांबला. "बाबा, तांडापेठेतून अंबाझरी? ते त गावाच्या त्या टोकाले आहे."

"लंडनवरून कोणी पाहून राहिलं का? लिही!"

दसऱ्याच्या आगेमागे पहिलं उत्तर आलं. जागेश्वरने लिहिलं होतं, "काका, पत्र वाचून रडू आलं. भावांनी घर वाटून घेतल्यापासून आम्हाला नागपुरात उतरायला जागाच नव्हती. आम्ही पाचजण नाताळच्या सुट्टीत तुमच्याकडे येतो. तुमच्या येण्याचं मग समक्ष बोलू."

रुपरावांचा चेहरा जरा उतरला. पण येतंय ते एकच घर, असं म्हणून त्यांनी पत्र फळीवर ठेवलं. आठवडाभरात अनंतचं पत्र आलं. तो बायको हेल्गा आणि सासूसासऱ्यांना घेऊन नाताळातच येत होता. सासऱ्यांना तलावावरचे पक्षी बघण्याचा नाद होता आणि ते अंबाझरीचं वर्णन ऐकून वेडे झाले होते. त्यांनी नवी दुर्बीण घेतली होती. सिंधूताईने पत्राच्या फंदात न पडता तारच केली. नवरा, मुलं आणि मुलांसाठी उकळलेलं पाणी, एवढीच तिची अपेक्षा होती.

ज्या तत्त्वावर रुपराव जग बघायला निघाले होते, त्याच तत्त्वावर जग रुपरावांना बघायला निघालं होतं.

"घरात कांजिण्या आल्या म्हणून तार ठोका गा," भैयाजी म्हणाले.

"अन् मंग उन्हाळ्यात ते आपल्याले दारात उभे करतील का?" रुपराव ओरडले. ज्याच्या घरी उद्या वळकटी सोडायची त्याला आज दार लावता येत नाही, हे साधं गणित होतं. शिवाय सत्काराची शाल खुंटीवर लोंबत होती आणि बाबनराव जिवंत होते.

"मंग आता पत्रात लिहिलं तसं घर पाहिजे," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "नाही त गल्लीची इज्जत जाईल. माझं काय, मी त कवेलूतबी राहिलेली आहे."

दिवाळीआधीच मिस्त्री आला. रुपराव निम्मंच घर पाडा म्हणाले. मिस्त्रीने भिंतीला हात लावला आणि उरलेलं निम्मं आपणहून पडलं. वर एकच खोली काढू असं रुपरावांनी सुचवताच बाई म्हणाल्या, "तुम्ही दोन लिहिल्या." संडास देशी करायचा की इंग्लिश, हा प्रश्न निघाला. हेल्गाच्या म्हाताऱ्या बापाला उकिडवं बसता येईल का, यावर भैयाजींनी अर्धा तास विचार केला. शेवटी बाईंनीच निकाल दिला, "दोन्ही करा. रोज रोज थोडंच होते!" फंडाला गळती लागली ती जुन्या छपराहून मोठी होती, आणि तिच्याखाली ठेवायला घरात भांडं नव्हतं.

एक दिवस बाबनराव बांधकाम बघायला आले. "काय साडू, जगाची सफर कुठवर आली?"

"पायव्यापर्यंत," प्रेमिला म्हणाली.

नाताळाला जग येऊन थडकलं. जागेश्वरची पोरं आल्या आल्या वरच्या खोल्या बळकावून बसली. सिंधूताईची मुलं पाणी गाळलंय का, उकळलंय का, किती वेळ उकळलंय, हे रोज विचारत. हेल्गा स्वयंपाकघरात येऊन मनकर्णाबाईंच्या गळ्यात पडे आणि सावजीचा रस्सा खाऊन रडे. आनंदाने की तिखटाने, हे अनंतलाही कळत नव्हतं. तिचा बाप रोज सकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर उभा राही. "लेक?" तो इंग्रजीत तलावाचं विचारी. "धुकं!" रुपराव सांगत. दुपारी लख्ख उन्हातही ते "धुकं!" म्हणत, आणि म्हातारा बिचारा मान डोलावून भैयाजींच्या घरावरच्या कबुतरांचे फोटो काढी.

स्लॅबच्या पक्क्या घरात इतकी माणसं मावली, पण घरधनी मावला नाही. रुपराव थंडीत घोंगडी गुंडाळून स्वतःच्याच ओसरीवर झोपत. मंडळाने दिलेली शालही अंगावर घ्यावी लागे.

पाहुणे परतायला निघाले तेव्हा रुपराव सगळ्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. गाडी हलता हलता त्यांनी उन्हाळ्याचा विषय काढला.

"या ना काका, नक्की या!" जागेश्वर दारातून म्हणाला. "घर आपलंच समजा. फक्त यायच्या आधी कळवा. आमचं घर तसं लहानच आहे. पण जवळ हॉटेलं चांगली आहेत."

अनंत आणि सिंधूताईनेही थोड्याफार फरकाने तेच सांगितलं. रुपराव फलाटावर उभे राहिले. 'घर आपलंच समजा' हे वाक्य त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, त्यामुळे त्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तसंही बँकेत आता कन्हानपर्यंतच्या तिकिटापुरते पैसे उरले होते.

त्या संध्याकाळी ते प्रथमच निवांत गच्चीवर गेले. मनकर्णाबाई नव्या कोऱ्या स्लॅबवर सतरंजी टाकून बसल्या होत्या. शेजारी एक माकड आलं, पायाखाली फोडायला काही सापडेना म्हणून गोंधळलं आणि भैयाजींच्या कवेलूंवर उडी मारून गेलं. बाई त्याच्याकडे बघून हसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या इतक्या समाधानाने हसलेल्या रुपरावांना आठवत नव्हत्या. त्यांना बरंही वाटलं आणि रागही आला. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळू लागलं. तो चहा, ते "दाबून लिहा", त्या दोन खोल्या.

"काहून वं," ते सावकाश म्हणाले, "पत्र लिहिलं तवा तुले माहीत होतं का, हे सगळे येतील म्हणून?"

"बाप्पा! मले काय माहीत?" बाईंनी पदर सावरला. "मी कधी जग पाहिलं आहे का?"

खाली दिवे लागत होते. अंबाझरी कुठेच दिसत नव्हती. थोड्या वेळाने बाईंनी जिन्याकडे तोंड करून प्रेमिलाला हाक मारली आणि येताना कागद-पेन घेऊन यायला सांगितलं.

"कागद कायले?" रुपरावांनी दचकून विचारलं.

"अहो, जपानात आपल्या ओळखीचं कोणी निघते का, भैयाजीले जरा विचारून पाहा ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सैपाकघरात ओटा राहून गेला."