लोखंडी मानूस आला, इचारा

वच्छलाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली ती दिवाळी उलटली तरी परतली नाही. जाताना भाजीच्या तिखटावरून नवराबायकोची वाजली होती. "मी न्यायला जाणार नाही, गेली तशी येईल," असं कडूबाने तेव्हा पारावर सांगून टाकलं, आणि आता त्याच बोलण्याला तो मनातल्या मनात शिव्या देत होता. हाताने थापलेली भाकर कशीबशी गिळता येई, पण बायकोवाचून घर खायला उठे.

अशात धामणगाव बढ्याला, म्हणजे नेमकं वच्छलाबाईच्या माहेरी, तंबूतला बोलपट आला. जाहिरातीत छापलं होतं, 'विचार करणारा लोखंडी माणूस'. दवंडीवाल्याला एवढं लांबण परवडत नव्हतं. त्याने गावोगाव सुटसुटीत करून टाकलं, "लोखंडी मानूस आला होऽ, इचारा!" अडचण आली की नारळ घेऊन देवाला विचारायचं, ही इथली रीत. कडूबाने नारळ घेतला आणि गाडी जुंपली. आपण बोलपटाला चाललोय, सासुरवाडीला नव्हे, हे त्याने बैलांनाही बजावलं.

तंबूच्या दारावर बोलपटवाला अन्वर तिकिटं फाडत होता. नारळ आत नेता येणार नाही म्हणाला. कडूबाने त्याला रांग दाखवली. निम्म्या रांगेच्या हातात नारळ होते. अन्वरने कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना आत सोडलं.

बोलपटाने पार निराशा केली. लोखंडी माणूस म्हणजे रॉकेलचे डबे अंगाला बांधलेला नट, हे लगेच कळलं, कारण लोखंडाला घाम सुटला होता. विचार तर त्याने केलाच नाही. एका पोरीला पाहून गाणं म्हटलं, दोन पहिलवान आपटले आणि पुन्हा गाणं म्हटलं. त्यातच फीत तुटली. पडदा पांढराफटक झाला.

कडूबाला वाटलं, हा आता विचार करायला आत गेला. तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "माही वच्छला कवा येईल?"

"पाच मिनिट थांबा," अंधारातून अन्वर सगळ्यांनाच म्हणाला.

कडूबाचा ऊर भरून आला. एवढा जवळचा कौल त्याला कोणत्याच देवाने दिला नव्हता.

तेवढ्यात बायकांच्या कनातीआडून ओळखीचा आवाज आला, "सिनेमा पाह्याले आले, का मले न्याले?"

सगळी सासुरवाडी कान टवकारून बसली होती.

"तुले न्याले," कडूबा म्हणाला. "करमत नाही मले."

कनात हलली. वच्छलाबाई डोळे पुसत बाहेर आली.

"मंग चाला लवकर," ती म्हणाली. "सिनेमाच्या निमतानं त तुमी येसान म्हनून हा भिकार खेळ मी रोज पाहून राह्यली."