गाभा पायजे, वैनी!

कडकन आवाज झाला आणि धनुष्याचा अर्धा तुकडा माझ्या कपाळावर बसला. चष्मा फुटला. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. शेळी दावं तोडून पळाली. आणि आमचे सोपानभाऊजी, माझे धाकटे दीर, सत्तरी ओलांडलेले, धावत आले ते त्या तुकड्याकडं. तो उचलून उन्हात धरला आणि म्हणाले, "अरारा! गाभ्यालाच चीर हुती, वैनी!"

"माझ्या कपाळाला पडलीय ती बघा आधी," मी म्हटलं.

या माणसाबरोबर मी काष्टीत एका अंगणात राहते. माझे मालक गेले, भाऊजींची मंडळी गेली. दोन चुली कशाला म्हणून एक केली. ती चूक झाली असं रोज एकदा तरी वाटतं.

बाभळीच्या सालीच्या आत पांढरं लाकूड असतं, त्याच्या आत काळसर गाभा. दार, बाज, काही करायचं तर पांढरं तासून टाकतात, कारण त्याला भुंगा लागतो. हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. भाऊजींनी त्याचा धर्म केला. जन्म कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला, रंधा कधी धरला नाही, पण चहात दूध जास्त झालं की, "पांढरं लई, गाभा न्हाई." सरपंच भाषणाला उभे राहिले तरी तेच.

माझ्या भाचीसाठी स्थळ बघायला गेलो, तर भाऊजी वाकून तिथल्या खुर्चीच्या पायाला नख लावत बसले. मुलाची आई पोहे घेऊन आली आणि हे मोठ्यानं, "आत पांढरं हाय! रंग मारून दडवलंय!"

बाईनं बशा दाणकन खाली ठेवल्या. "कुनी सांगितलं तुमाला? आमच्या पोराच्या अंगावर एक डाग न्हाई!"

कोड नाही हो, खुर्ची, खुर्ची, असं मी किती सांगितलं. त्या बिचाऱ्या पोरानं सगळ्यांसमोर बाह्या वर केल्या. स्थळ गेलं ते गेलंच. परतताना हे म्हणतात, "खुर्ची मातुर पांढऱ्याचीच हुती."

धनुष्य त्यांच्या नातीसाठी. मुलगा नगरला, सावेडीत राहतो. नात आर्या शाळेत तिरंदाजी शिकते. फोनवर म्हणाली, "आबा, मला तुम्ही केलेलं धनुष्य पाहिजे. दिवाळीला आले की घेते." झालं! वादळात पडलेली बांधावरची बाभूळ अंगणात आली. भाऊजी पांढरं तासायचे, नुसत्या गाभ्याचं धनुष्य करायचे, दोरी ओढायचे आणि ते मोडायचं. अंगणभर ढलप्या. झाडायच्या मी.

मी सरपण फोडून म्हातारी झाले. पांढरं वाकतं, गाभा ताठ राहतो आणि तुटतो, एवढं मला कळतं. म्हटलं, "बाहेरच्या अंगाला पांढरं राहू द्या, पोटाला गाभा. दोन्ही पायजे."

"पांढऱ्याला भुंगा लागतो, वैनी. गाभा पायजे, गाभा!"

कपाळाला टाके घालून घरी आलो तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, "माझा डोळा गेला असता. आता तरी पांढरं ठेवा."

"भुंगा लागंल."

"लागू द्या! त्याला वरीस जातं. पोरगी दिवाळीला येतीय ना? तवर काय हुतंय?"

भाऊजी ढलपीशी खेळत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "मागल्या दिवाळीला बी येती म्हनली हुती. मग उन्हाळ्यात म्हनली. तिचे क्लास असत्यात. नुसत्या गाभ्याचं आसलं, तर कवा बी आली तरी चालंल, वैनी."

मी उठले. चहा ठेवला. दूध कमी घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं नव्या धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरं ठेवलं. धनुष्य वाकलं, मोडलं नाही. आता ते माझ्या खाटेच्या वर खुंटीला टांगलेलं आहे. भुंगा लागू नये म्हणून मी त्याला करंजाचं तेल चोळते. ढलप्या झाडण्यापेक्षा ते बरं.

दिवाळी होऊन गेली. धनुष्य मोडलं त्या दिवशी अंगणात भाऊजी, मी आणि शेळी होतो. आजही तिघंच आहोत.